आजीच्या डब्यातलं पदक आणि आयर्लंडमधलं गाव: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी आजी, आईची आई, मागच्या वर्षी गेली. तिच्या माहेरची माणसं मूळची आयर्लंडची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत वाढली, लग्न होऊन नाशिकला आली आणि त्यानंतर माहेरचा विषय तिने स्वतःहून कधी काढला नाही.

कपाट आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत जपमाळ, दोन फोटो आणि मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेलं चांदीचं पदक. फितीवर दोन लाल पट्टे आहेत. मधलं पांढरं कापड आता चहाच्या रंगाचं झालंय. पदकाच्या एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणी. दुसऱ्या बाजूला हातात पुष्पचक्र घेतलेली बाई, तिच्यामागे सिंह, वर 'इंडिया' आणि खाली १८५७-१८५८. पदकाच्या वर आडवी पट्टी आहे, तिच्यावर 'सेंट्रल इंडिया'.

नाण्याला जिथे खाचा असतात त्या कडेवर नाव ठोकलेलं आहे. खिडकीपाशी बसून पदक हळूहळू फिरवत वाचलं: पहिल्या नावाचं फक्त आद्याक्षर, मग आजीचं माहेरचं आडनाव, मग तिसरी बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. हे आजीचे पणजोबा असावेत. पुढे ते घाटाच्या रेल्वेत लागले, असं आई ऐकत आलीय.

'सेंट्रल इंडिया' पट्टीचा अर्थ शोधला आणि हात थांबला. इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या फौजेला ती मिळाली, झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेरसाठी. ३ एप्रिल १८५८ला झाशीच्या तटाला शिड्या लावणाऱ्यांत ही रेजिमेंट होती. मी शाळेत राणीवर भाषण करून बक्षीस आणलं होतं. ते सगळ्यात आधी आजीला दाखवलं, आणि तिने मला जवळ घेतलं होतं. पदक तेव्हाही त्याच कपाटात असणार. आई म्हणते, आता ठेवून दे ते परत. मला नाही ठेवता येत. तो माणूस कुठल्या गावातून, कुठल्या परिस्थितीतून निघून इथवर आला, ते मला कळायला हवं आहे.

आतापर्यंत केलं ते असं: आयर्लंडची १९०१ आणि १९११ची जनगणना फुकट पाहता येते, तिच्यात दोन महिने घालवले. आडनाव इथे देत नाही, पण तिकडे ते आपल्या पाटील-जाधवांसारखं आहे, शेकड्यांनी सापडतं. एका परदेशी संकेतस्थळाला पैसे भरले, तर त्यांनी आडनावाचं 'कुळचिन्ह' छापून पाठवलं. त्यातून काहीच हाती लागलं नाही.

गाव कसं शोधायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, सर्वात आधी: पदक चिंच किंवा पावडर लावून घासू नका. कडेवरची अक्षरं हाच तुमचा पुरावा आहे, ती झिजतील.

१९०१ची जनगणना तुमच्या कामाची नाही. हा माणूस १८५८च्या आधीच देश सोडून आलेला. त्या काळचे कागद आयर्लंडमध्ये फार कमी उरलेत. कॅथलिकांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४मध्ये, आणि १८२१ ते १८५१च्या जनगणना १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत लागलेल्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. उरतात चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती २०१५पासून फुकट पाहायला दिली आहेत, पण ती पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे लावलेली आहेत. पॅरिश माहीत नसेल तर समुद्रात सुई.

म्हणून सुरुवात उलट्या टोकाने करा. ही रेजिमेंट कंपनी सरकारची होती, राणीची नव्हे. कंपनीचे भरतीचे आणि जहाजावर चढवल्याचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यात शिपायाचं वय, आधीचा धंदा आणि मूळ ठिकाण सापडतं. त्याच दप्तरात एन/३ या खुणेखाली मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला आहेत. त्यांचं लग्न इथे झालं असेल तर ती नोंद शोधा, त्यात बहुधा वडिलांचं नाव मिळेल. एकाच आडनावाच्या गर्दीतून आपला माणूस वेगळा काढायला त्याचाच उपयोग होईल.

ही रेजिमेंट १८६२मध्ये राणीच्या नियमित फौजेत १०९वी रेजिमेंट झाली आणि १८८१मध्ये आयर्लंडच्या लेन्स्टर रेजिमेंटमध्ये गेली. ते पेन्शन घेऊन निवृत्त झाले असते तर लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात फौजेतून सुटल्याचा कागद मिळाला असता, त्यावर जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. रेल्वेत गेले म्हणजे बहुधा आधीच सुटले. १८५९मध्ये कंपनीच्या गोऱ्या शिपायांनी 'आम्हाला न विचारता राणीच्या चाकरीत का घातलं' म्हणून कुरबूर केली, तेव्हा हजारोंनी नोकरी सोडली होती. तोही धागा तपासा.

आद्याक्षर कोणतं आहे?

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. चिंच आईने भिजवून ठेवलीच होती, ओतून दिली.

आत्ता भिंगाने पुन्हा पाहिलं, आद्याक्षर 'एम' आहे. डब्यातल्या जपमाळेचा क्रूसही उलटून पाहिला, त्यावर काही नाही. उद्या इगतपुरीच्या चर्चमध्ये जाऊन जुन्या लग्नांची वही पाहता येईल का, ते विचारते.

इथल्या कुणाचं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जाणं होतं का? भरतीच्या यादीतली एक ओळ हवी आहे. आडनाव निरोपातून कळवते, आणि प्रतींचा जो खर्च होईल तो लगेच पाठवते.