पक्षाघातानंतर तोल जातो: प्रिझमचा चष्मा दिवसभर लावायचा की व्यायामापुरता?

प्रश्न:
माझ्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूस पक्षाघात झाला. डाव्या हातापायातली ताकद बरीचशी परत आली आहे, पण उभे राहताना त्यांचा भार उजव्या पायावरच असतो. दोन वजनकाटे शेजारी ठेवून एकेकावर एकेक पाय ठेवायला लावला, तेव्हा उजवीकडे ४५ किलो आणि डावीकडे १९ किलो भरले. ते मात्र ‘मी सरळच उभा आहे’ असे ठामपणे सांगत होते. दाढीसुद्धा उजव्याच गालाची होते. दिवसभर प्रिझमचा (समोरचे दृश्य एका बाजूला सरकवणाऱ्या काचांचा) चष्मा लावल्यास तोल सुधारेल, असे एका परिचितांनी सुचवले आहे. चष्मा करून घ्यावा का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट):
आपण केलेल्या वर्णनावरून डाव्या बाजूचे भान हरपल्याची, म्हणजे डावीकडच्या गोष्टींकडे मेंदूचे लक्षच जात नसल्याची शंका येते. त्यासाठी प्रिझमचा जो उपयोग अभ्यासला गेला आहे, तो दिवसभराच्या चष्म्याचा नव्हे, तर काही मिनिटांच्या सरावाचा आहे. दृश्य सुमारे १० अंश उजवीकडे सरकवणारा चष्मा लावून रुग्णाला समोरच्या खुणेकडे पन्नासएक वेळा बोट न्यायला सांगतात. सुरुवातीला बोट खुणेच्या उजवीकडे पडते, हळूहळू नेम सुधारतो, आणि चष्मा काढल्यावर तेच बोट खुणेच्या डावीकडे जाऊ लागते. उपचार म्हणायचा तो हा उरलेला परिणाम. म्हणून चष्मा काढणे हाही उपचाराचाच भाग आहे. सरावात हाताचा सुरुवातीचा प्रवास रुग्णाला दिसू द्यायचा नसतो, अन्यथा तो वाटेतच हात वळवून घेतो आणि मेंदूला जुळवून घेण्याचे कारणच उरत नाही. ही पद्धत १९९८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी मांडली, आणि २००१ मधील एका छोट्या अभ्यासात अशा सरावानंतर डाव्या अंगात कमजोरी आलेल्या रुग्णांचा उजवीकडे झुकलेला तोल मध्याकडे आल्याचे दिसले. नंतरच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत, त्यामुळे उभे राहण्याचा आणि भार डावीकडे नेण्याचा सराव यासाठी थांबवू नये.

उत्तर २ (नेत्रतज्ज्ञ):
आधी दृष्टिक्षेत्राची (नजर स्थिर ठेवून जेवढा भाग दिसतो त्याची) तपासणी करून घ्यावी. अर्धे दृष्टिक्षेत्र गेलेले असणे आणि एका बाजूचे भान नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत, जरी दोन्ही एकाच रुग्णात आढळू शकत असल्या तरी. एकाच्या दोन प्रतिमा दिसत असतील, तर मात्र कायमस्वरूपी प्रिझमचा खरा उपयोग होतो. दोन्ही डोळ्यांपुढे एकाच दिशेने बसवलेले प्रिझम लावून चालताना जमीन आणि दाराची चौकट जागची हललेली भासते. ज्यांचा तोल आधीच जातो, त्यांना असा चष्मा लावून एकटे फिरू देणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर ३:
माझ्या आईचा असाच सराव झाला. पहिल्या दिवशी चष्मा काढून टेबलावरचे पेन उचलायला सांगितले, तर तिचा हात पेनाच्या वीतभर डावीकडे पडला आणि ती स्वतःच हसली. त्या दिवशी खुर्चीत ती थोडी सरळ बसली होती, पण दुसऱ्या सकाळी पुन्हा उजवीकडे कललेलीच दिसली. म्हणून एका सत्रावरून निष्कर्ष काढू नका आणि वजनकाट्यांचे आकडे रोज एकाच वेळी लिहून ठेवा.