शब्दचर्चा: जीव, आत्मा, व्यक्ती, इसम... 'पर्सन'ला काय म्हणायचं?

अनुवादाचा किडा

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाच्या एका प्रकरणाचा अनुवाद करतेय आणि घोडं अडलंय. हे प्रकरण त्याने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत नव्याने घातलं. प्रश्न असा की कालचा मी आणि आजचा मी एकच, हे कशाच्या जोरावर म्हणायचं? तो 'मॅन', 'सोल' आणि 'पर्सन' काटेकोर वेगळे ठेवतो. 'मॅन' म्हणजे हा हाडामांसाचा प्राणी. 'पर्सन' म्हणजे जो स्वतःला स्वतः म्हणून जाणतो आणि कालचं केलेलं आपलं मानतो तो. उदाहरण देतो की एका राजपुत्राचा आत्मा सगळ्या आठवणींसकट एका मोच्याच्या देहात शिरला. 'पर्सन' राजपुत्रच, पण त्याच्या स्वतःखेरीज बाकी सगळ्यांना तो मोचीच.

मी लिहिलं, 'व्यक्ती तीच, माणूस वेगळा.' नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दोन्हींत फरक काय? फॉर्मवर व्यक्ती लिहितात, घरात माणूस म्हणतात." आता बोला.

जुना दप्तरी

नवरोबांचं अगदीच चूक नाही. माझी सगळी नोकरी फौजदारी कागदांत गेली. तिथे माणूसही नाही आणि व्यक्तीही नाही, तिथे 'इसम'. "अनोळखी इसम, वय अंदाजे ४०, रंग सावळा, उजव्या मनगटावर 'आई' असे गोंदलेले." असे किती पंचनामे हाताखालून गेले असतील. पुष्कळ वर्षांनी कळलं की इसम हा अरबी शब्द आणि त्याचा अर्थ 'नाव'! म्हणजे ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, त्याला आपण कागदावर 'अनोळखी नाव' म्हणतो.

'असामी'सुद्धा त्याच घरातला, मुळात 'नावं' असं अनेकवचन. वसुलीच्या कागदात ज्याच्या नावावर बाकी तो असामी. सरकारदरबारी माणूस म्हणजे नोंदीतलं नाव, बाकी काही नाही. लॉकसाहेबांना 'इसम' चालेल का? अर्धं गमतीत विचारतोय.

अनुवादाचा किडा

दप्तरीकाका, गंमत नाही! लॉक स्वतःच म्हणतो की 'पर्सन' हा न्यायनिवाड्यातला शब्द आहे. केलेल्या कर्माचा धनी कोण आणि शिक्षा-बक्षीस कुणाच्या पदरात घालायचं, हे ठरवण्यासाठीचा. पण 'इसम' म्हटलं की मला डोळ्यांसमोर मिशाच दिसतात. बाईला इसम म्हटलेलं कधी ऐकलंय?

दप्तरी (परत)

नाही. बाई असेल तर 'अनोळखी महिला'. मुद्दा मान्य.

धातुपाठ

'व्यक्ती'वर थोडं. 'वि' अधिक 'अञ्ज्', म्हणजे उघड होणे, प्रकट होणे. 'व्यक्त' तिथलाच. न्यायदर्शनात (कोर्टाचा न्याय नव्हे, आपल्याकडचं जुनं तर्कशास्त्र) जाती, आकृती आणि व्यक्ती असं त्रिकूट आहे आणि तिथे व्यक्तीचं उदाहरण म्हणून बहुधा गाय उभी असते. 'गोत्व', म्हणजे गायपण, ही जाती आणि समोर रवंथ करत बसलेली ही एक गाय म्हणजे व्यक्ती. पाणिनीच्या एका सूत्रात तर (१.२.५१) व्यक्ती म्हणजे चक्क लिंग, व्याकरणातलं. त्यामुळे व्यक्ती म्हणजे माणूसच, ही समजूत शब्दाच्या वयाच्या मानाने ताजी आहे. संस्कृतातलं स्त्रीलिंग मात्र अजून सुटलेलं नाही. सहा फुटी पहिलवान असला तरी 'ती व्यक्ती आली'.

उलट लॅटिन 'पर्सोना' म्हणजे नाटकातला मुखवटा. तिकडचा शब्द झाकण्यापासून निघाला, आपला उघडं पडण्यापासून. दोघे कोर्टाच्या पायरीवर भेटले.

(जाता जाता: 'व्यक्तिमत्त्व'मध्ये दोन त आहेत हो. दुकानांच्या पाट्यांना माफी, अनुवादकांना नाही.)

आणि 'आयडेंटिटी'साठी 'अस्मिता' अजिबात नको. योगसूत्रांत पतंजली पाच क्लेश मोजतो: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच आहेत असं वाटणं, ही त्याची अस्मिता. ज्याला त्याने दुखणं म्हटलं, त्याचे आपण मोर्चे काढतो.

माणदेशी

एवढं सगळं लिहिलंत, पण बोलताना आपण यातला एकही शब्द वापरत नाही. आपण 'जीव' म्हणतो.

आजीच्या दहाव्याला नदीवर होतो. पिंड ठेवला, कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही शिवेना. तासभर झाला, ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. चुलते म्हणाले, "म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय." मग एकेकाने हात जोडून बोलायला सुरुवात केली: धाकटीचं लग्न करू, विहिरीचा वाद मिटवू. शेवटी आत्या म्हणाली, "आई, तुझी शेळी मी नेते माझ्याकडं." कावळा आला. योगायोग म्हणा, भूक म्हणा, मी वाद घालणार नाही. सांगायचं ते इतकंच की 'आत्मा अडकलाय' असं तिथे कुणी म्हटलं नाही. गीतेतला आत्मा शेळीत कसा अडकेल? तो ना कापला जातो, ना भिजतो. अडकतो तो जीव.

जीव लावता येतो, टाकता येतो, मुठीत धरता येतो. तो अर्धा होतो, भांड्यात पडतो, त्याची मुंबईसुद्धा करता येते. तान्ह्या पोराला 'एवढासा जीव' म्हणतो, एवढासा आत्मा कुणी म्हणेल? आणि गरोदर बाई 'दोन जिवांची' असते. तिथे मोजणी नावाची नाही, आठवणीचीही नाही. पोटातल्याला अजून दोन्ही नाहीत, तरी तो मोजला जातो. लॉकच्या हिशेबात ते बाळ 'पर्सन' बसेल का, विचारून बघा.

आत्मा आपल्याला भेटतो तो श्रद्धांजलीत ('मृतात्म्यास चिरशांती') नाहीतर भुताच्या सिनेमात.

धातुपाठ

बायबलच्या मराठी अनुवादकांनाही हे कळलं होतं असं दिसतं. तिथे 'पवित्र आत्मा' आहे, पण सगळं जग मिळवून माणूस जे गमावतो, तो 'जीव'.

शेवटची बाकावरची

माणदेशी, सुंदर. पण आत्मा फक्त श्रद्धांजलीत भेटतो, हे मान्य नाही. तो तुमच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात आहे, वेष पालटून.

संस्कृत 'आत्मन्', प्राकृतात 'अप्पाण', मराठीत 'आपण'. शब्द तोच. 'आपला', 'आपुलकी', 'आपसांत' ही सगळी त्याचीच पोरंबाळं. आता 'आपण' काय काय करतो बघा. 'आपण जाऊ या' म्हणजे मी आणि तू ('आम्ही' म्हटलं की तू बाहेर). 'आपण कोण?' म्हणजे समोरचा. आणि कट्ट्यावरचा पोरगा 'आपण नाय घाबरत' म्हणतो तेव्हा फक्त मी. उपनिषदांनी तू आणि मी एक हे सांगण्यासाठी केवढा खटाटोप केला, आपल्या सर्वनामाने ते रोजच्या बोलण्यात करून टाकलं. हे मी जरा चढवून सांगतेय, कबूल. शब्द झिजतात ते तत्त्वज्ञानासाठी नव्हे.

हे फक्त आपल्याकडे नाही. अरबीत 'नफ्स' म्हणजे जीव, आणि 'तो स्वतः' म्हणायलाही तोच शब्द लागतो. पालीतली गंमत तर औरच. बुद्धाची शिकवण अनत्ता, म्हणजे आत्मा नाही. आणि धम्मपदात (गाथा १६०) 'अत्ता हि अत्तनो नाथो', आपणच आपले नाथ. विसंगती वाटते, पण नाही. एक 'अत्ता' हे तत्त्व, ते नाकारलं. दुसरं साधं सर्वनाम, ते नाकारलं तर बोलायचं कसं?

आणखी एक, मग थांबते. 'पुद्गल'! जैनांकडे त्याचा अर्थ जड द्रव्य, जीवाच्या बरोबर विरुद्ध. बौद्धांकडे तोच शब्द 'व्यक्ती' या अर्थाने. कोशात बघून पुद्गल वापरायला गेलात तर निम्मे वाचक दगड समजतील.

अनुवादाचा किडा

सगळ्यांचे आभार. 'आपण'ने माझा एक दिवस वाचवला. लॉकची व्याख्या आता अशी केली: 'वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी जो आपल्याला तोच आपण म्हणून जाणतो, तो.' नाहीतर आधी 'स्व', 'स्वत्व', 'आत्मभान' अशी वाण्याची यादी झाली होती. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत 'स्वसंवेद्या आत्मरूपा' आहे, पण तो मोह आवरला. तिथला स्वतःला जाणणारा मोच्याच्या दुकानात शिरणार नाही.

'पर्सन'ला 'व्यक्ती'च ठेवते, पहिल्या वेळी तळटीप देऊन. 'मॅन'ला 'माणूस'. 'सोल'ला या प्रकरणात 'आत्मा'च. माणदेशी, रागावू नका. लॉकचा आत्मा शेळीत अडकत नाही, पण एका देहातून दुसऱ्यात जाऊ शकतो आणि तरी व्यक्ती कोण, हे त्यावर ठरत नाही, जाणिवेवर ठरतं.

नवऱ्याला नवीन मसुदा वाचून दाखवला. त्याचा प्रश्न: "मग राजपुत्राने आधी खून केला असेल तर फाशी कुणाला?" लॉकचं उत्तर स्पष्ट आहे, ज्याची जाणीव त्याची जबाबदारी. म्हणजे मोच्याच्या देहात बसलेल्या राजपुत्राला.

जुना दप्तरी

ताई, पुस्तकात ठीक. ओळखपरेडीत साक्षीदार सात-आठ जणांच्या रांगेपुढे उभा राहतो आणि चेहरा बघून बोट दाखवतो. मोचीला तो बघणारही नाही.