मदत हवी आहे: अपिलात मुलीची साक्ष पुन्हा होते का?

नमस्कार. नाव, गाव, नातं काही लिहीत नाही. तिची ओळख पटेल असं काही छापणं गुन्हा आहेच, शिवाय आमच्या गोव्यात 'अमक्या वाड्यावरची' एवढं म्हटलं तरी लोकांना पुरतं.

बलात्काराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपीला दहा वर्षं दिली. आम्हाला वाटलं, संपलं. आता त्याने पर्वरीला उच्च न्यायालयात अपील घातलंय. मुद्दे तीन: फिर्याद दोन दिवस उशिरा, वैद्यकीय अहवालात जखम नाही, आणि जबानीत विसंगती. विसंगती कसली, तर पोलिसांच्या कागदावर 'ढकललं' आणि कोर्टात 'ओढलं'. अहो, ती दोन्हीकडे कोकणीतच बोलली! इंग्रजी करणारे वेगवेगळे, त्यात तिचा काय दोष?

तिला पुन्हा पिंजऱ्यात उभं करतील का? आत्ता कुठे ती कामाला जायला लागलीय. दुसरा साक्षीदार नाही, मग तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा टिकते? सरकारी वकील असताना आपला वेगळा वकील लागतो का? पैशांची ओढाताण आहे.

प्रतिसाद (मडगावात वकिली करते)

ताई, आधी तिला सांगा की सहसा पुन्हा बोलवत नाहीत. अपिलात न्यायमूर्ती खालच्या कोर्टातली नोंद वाचतात. पण पुरावा नव्याने तोलतात, म्हणून 'शिक्षा झालीय, आता काय' असं समजू नका.

एकटीची साक्ष पुरते. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये चंद्रप्रकाश जैन खटल्यात पीडितेला जखमी साक्षीदाराच्या बरोबरीने धरलं. 1996 च्या गुरमित सिंग निकालात तर स्पष्ट म्हटलं, साक्ष विश्वासार्ह असेल तर दुजोरा मागू नये, किरकोळ तफावतीवरून ती फेकू नये. उशिराचंही तिथेच आहे: घरची अब्रू, भीती हे कारण पटलं तर उशीर मारक नाही. जखमेचं म्हणाल तर भारतीय दंड संहितेच्या कलम 375 च्या (1 जुलै 2024 नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम 63) स्पष्टीकरणातच आहे की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. 1978 मध्ये मथुरा नावाच्या मुलीच्या खटल्यात अंगावर जखमा नाहीत हेही धरून दोन पोलीस सुटले होते. त्या संतापातूनच 1983 ची कायदादुरुस्ती आली.

मात्र 2012 च्या राय संदीप निकालाने मापही कडक ठेवलंय. फिर्यादीपासून साक्षीपर्यंत गाभा एकच हवा. तो हलला तर संशयाचा फायदा आरोपीला.

आता तुमचं ढकलणं-ओढणं. पोलीस जबानी हा स्वतंत्र पुरावा नव्हे. तिच्यातली विसंगती वापरायची तर पुरावा कायद्याच्या कलम 145 प्रमाणे (जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 148) उलटतपासात तो मजकूर साक्षीदारासमोर ठेवावा लागतो. ठेवलाच नसेल तर अपिलात त्यावर नाचता येत नाही. ठेवला असेल तर तिने काय उत्तर दिलं ते पाहा. गोव्यात भाषांतराचा हा घोळ मी अनेकदा पाहिलाय.

वकील घ्याच. पीडितेला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय. 1987 च्या विधी सेवा कायद्यात स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, म्हणजे फुकट वकील मिळतो. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. शिक्षा स्थगितीचा अर्ज आलाय का तेही बघा. तो मंजूर झाला म्हणजे आरोपी निर्दोष ठरला असं नाही.

धागाकर्तीचं उत्तर

उपकार झाले बाई. उलटतपासाची प्रत आत्ताच काढली. 'ढकललं'बद्दल तिला एकही प्रश्न नाही. दोनदा वाचलं. उद्या वकिलासाठी अर्ज घेऊन पर्वरीला जाते.