स्थळासाठीच्या फोटोत मुलीचा रंग उजळून द्यावा का?

खिडकीतला उजेड (नागपूर)

महाल भागात माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट सेवा केंद्र, आधार केंद्र आणि आरटीओ या तिन्ही ठिकाणी आता तिथल्या तिथेच फोटो काढला जातो, त्यामुळे ज्या कामावर एकेकाळी दुकानाचे भाडे सहज निघत असे ते काम बरेच आटले आहे. उरले ते परीक्षांच्या अर्जांचे फोटो, ज्यांत चेहऱ्यापेक्षा फाइल २० ते ५० केबीत बसते की नाही याकडेच लक्ष द्यावे लागते. संक्रांतीनंतर हलव्याचे दागिने घालून येणारी बोरन्हाणाची बाळे. तान्ह्या पोळ्याला धोतर नेसून, फेटा बांधून, लाकडी नंदी ओढत येणारी मुले. हार घालण्यासाठी जुन्या ग्रुप फोटोतून वेगळे काढलेले आजी-आजोबा. आणि स्थळाचे फोटो. हा धागा त्या शेवटच्या कामाबद्दल आहे.

तुळशीची लग्ने आटोपली की मुली आई किंवा मावशीसोबत येऊ लागतात. एक उभा फोटो साडीत, एक बसलेला आणि एक फक्त चेहऱ्याचा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. फोटो संगणकावर उघडला की बहुतेक वेळा मागून सूचना येते, "भाऊ, जरासा उजळ करून द्या न." या हंगामापासून मी त्वचेचा रंग बदलून देणे बंद केले आहे आणि तशी पाटी काउंटरवर लावली आहे. मुरूम, विस्कटलेले केस, चष्म्यातली चमक हे मी पूर्वीप्रमाणेच काढतो. रंगाला मात्र हात लावत नाही.

यावर काही ग्राहकांना वाटते की मी त्यांचा फोटो मुद्दाम काळा ठेवणार आहे, म्हणून कामाची पद्धत थोडी सांगतो. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्या पडद्यासमोर सावळी मुलगी बसवली, तर तो पडदा बघून मीटर प्रकाश कमी घेतो आणि चेहरा आहे त्याहून काळवंडतो. सावळ्या मुलींच्या वाईट फोटोंपैकी निम्म्याहून अधिक याच कारणाने वाईट असतात, असे माझे निरीक्षण आहे. हनुवटीपाशी हातातला मीटर धरून पडणारा प्रकाश मोजला, दिवा लहान न ठेवता मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्याचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी, जवळ आणला आणि दुसऱ्या बाजूने थर्माकोलची शीट उभी केली, की कपाळावरची तेलकट चमक पसरून गालांना गोलाई येते आणि चेहरा स्वतःच्या रंगात उजळ दिसतो. एवढे केल्यानंतरही जे उजळणे उरते ते फोटोग्राफी राहत नाही, असे माझे मत आहे.

शिवाय फोटो बायोडाटासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, पुढे माणसे घरी येतात आणि फोनमधला चेहरा व समोरचा चेहरा यांची तुलना होते. त्या फरकाची किंमत मी मोजत नाही, मुलीची आईही मोजत नाही. पोह्यांची ताटली घेऊन बाहेर येणारी मुलगी मोजते. इतर छायाचित्रकारांचे आणि पालकांचे यावर काय म्हणणे आहे?

उमरेड रोड

मीही याच धंद्यात आहे आणि आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे. महालात आपल्या दुकानाला जुने, ठरलेले गिऱ्हाईक असेल. आमच्याकडे नव्या वस्त्यांतला माणूस येतो, दर विचारतो आणि दहा पावलांवर दुसरा स्टुडिओ असतो. मी नाही म्हटले तर तो फोटो पांढरा व्हायचा थांबत नाही, फक्त माझ्याऐवजी शेजारी होतो, किंवा मुलीचा भाऊ फोनवरच्या फुकट अ‍ॅपमध्ये अधिक वाईट करून टाकतो.

तत्त्वाचेच बोलायचे तर आपण सगळेच रोज फोटो बदलत असतो. आयुष्यभर बंडी आणि धोतर घातलेल्या आजोबांना मरणानंतर आपणच कोट-टाय घालून देतो आणि घरचे लोक तो फोटो हौसेने दिवाणखान्यात लावतात. डोळ्यांखालची काळी वर्तुळे आपण काढतो, पुढे आलेला दात आत घेतो, दुहेरी हनुवटी बसवतो. या सगळ्याला रीटचिंग म्हणायचे आणि रंगाला तेवढी फसवणूक म्हणायचे, हा भेद कशावर उभा आहे ते मला कळत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा की आजकाल बऱ्याच फोनचा कॅमेरा, कोणी न सांगताही, चेहरा गुळगुळीत आणि उजळ करतो. बायोडाट्यांच्या गठ्ठ्यात बाकीचे सगळे फोटो असे असताना आपल्या स्टुडिओतून गेलेला एकच फोटो खऱ्या रंगाचा असेल, तर पाहणाऱ्याला ती मुलगी आहे त्याहून सावळी वाटेल. आपली सचोटी तिच्या अंगावर येते.

दोन मुलींची आई

उमरेड रोड यांच्याशी सहमत. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'चे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले आणि त्याच वर्षी एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली, हे मी वाचले आहे. आमच्या हातात जे बायोडाटे पडतात त्यांत मात्र उंची आणि रक्तगट यांच्या मध्ये 'वर्ण' हा रकाना आजही छापलेला असतो.

माझ्या मोठ्या मुलीचा फोटो आम्ही आधी जसा होता तसाच पाठवत होतो. ती शिकलेली आहे, स्वतः कमावते, पण समोरून साधे उत्तरसुद्धा येत नसे. उजळलेला फोटो पाठवायला लागलो तेव्हा निदान लोक घरी येऊ लागले, तिच्याशी बोलू लागले. त्यांतल्याच एका घरी ती आज सुखात आहे. तिच्या सासूबाई एवढेच म्हणाल्या होत्या की फोटोपेक्षा मुलगी बोलायला छान आहे. फोटोचे काम दार उघडून देण्याचे असते. बंद दाराशी उभे राहून खरेपणा जपणे हे ज्यांच्या घरात मुली नाहीत त्यांना सोपे जाते.

नंदनवन

मी त्या पोह्यांच्या ताटलीमागची मुलगी आहे, म्हणून लिहिते. माझा फोटो उजळायचा निर्णय आईचा होता, काम स्टुडिओतल्या दादाचे होते आणि मला त्याविषयी कोणी विचारले नव्हते. फोटो बायोडाट्यात लागल्यानंतरच मी तो पाहिला. पाहायला आलेल्या एका काकूंनी पर्समधून फोन काढला, फोटो उघडला, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "फोटोत वेगळीच दिसून राहिली." त्यानंतर मी काय शिकले, काय काम करते, हे कोणी विचारले नाही.

वरच्या ताईंच्या मुलीचे चांगले झाले याचा आनंद आहे, पण ज्यांचे नकार फोटोमुळे नाही तर फोटो आणि चेहरा यांच्यातल्या फरकामुळे आले, त्यांच्या आया असे धाग्यावर येऊन सांगत नाहीत. धागाकर्त्यांना एक प्रश्न आहे. मुलांचे फोटोही असेच उजळून मागितले जातात का?

डार्करूम

मी फिल्मच्या काळातला माणूस आहे, आता दुकान मुलगा पाहतो. 'खरा रंग' हा शब्द वर इतक्या सहजपणे वापरला गेला आहे की थोडे बोलावेसे वाटले.

आम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवत असू. निगेटिव्हच्या ज्या भागावर शिशाचा थर चढतो तिथून कागदावर प्रकाश कमी जातो आणि प्रिंटमध्ये तो भाग पांढरट होतो. देवीचे व्रण, डोळ्यांखालच्या रेघा, गालावरचे खड्डे असेच भरले जात. पूर्ण चेहरा गोरा हवा असेल तर एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, चेहऱ्यावर हात फिरवून तिथला प्रकाश अडवायचा, म्हणजे तेवढा भाग फिका येतो. गिऱ्हाईक तेव्हाही हेच मागत असे, फक्त त्याला ते होताना दिसत नसे. त्याआधीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे ओठ आणि तांबूस-सावळी कातडी आहे त्याहून काळी येई. तो फोटो 'न बदललेला' असूनही खोटाच होता.

रंगीत लॅब आल्या तेव्हाही यंत्रे निष्पक्ष नव्हती. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी जे नमुना-कार्ड देत असे त्यावर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. त्याला शर्ली कार्ड म्हणत. यंत्र त्या चेहऱ्यावर जुळवायचे आणि त्यातून आपल्याकडची नवरी काढायची, म्हणजे ती एकतर विटकरी येणार किंवा राखाडी. तेव्हा लॅबमधला ऑपरेटर बटणे दाबून जे करत असे त्याला मी फसवणूक म्हणायला तयार नाही. कॅमेऱ्याने घेतले ते खरे आणि माणसाने दुरुस्त केले ते खोटे, ही विभागणी आमच्या धंद्यात कधीच टिकली नाही.

खिडकीतला उजेड

डार्करूम यांचा प्रतिसाद मला पटला, आणि तरी माझा निर्णय बदलत नाही. कॅमेरा आपणहून खरे बोलतो असे मीही मानत नाही. मीटर चुकतो हे मीच वर लिहिले आहे. माझी कसोटी वेगळी आहे. संगणकावर मी जे बदलतो त्यासोबत साडी, सोने, भिंत, मान आणि हात हे सगळे बदलत असेल, तर मी प्रकाशाची दुरुस्ती करतो आहे. बाकी सगळे जागच्या जागी राहून फक्त त्वचा सरकत असेल, तर मी रंगकाम करतो आहे. लॅबचा ऑपरेटर पहिले काम करत होता, एनलार्जरखालचा हात दुसरे.

आजोबांच्या कोटाबद्दल एवढेच म्हणेन की त्यांना आता कोणी पाहायला येणार नाही. फोनबद्दलचा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धे उत्तर असे की हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे होते आणि कान मागे जातात, कारण नाक कॅमेऱ्याच्या प्रमाणाबाहेर जवळ असते. मी दोन मीटरवर उभा राहून ८५ मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढतो तेव्हा चेहऱ्याची घडण तीच येते जी समोर बसलेल्या माणसाला दिसते. चांगल्या घडणीचा आणि चांगल्या प्रकाशाचा फोटो गठ्ठ्यात उठून दिसतो. रंगावर लढायची गरज दर वेळी पडत नाही. लोकांना हे सांगून पटत नाही हे खरे, प्रिंट हातात दिल्यावर काहींना पटते.

नंदनवन यांच्या प्रश्नाचे उत्तर: मुलांचेही फोटो उजळून मागतात, पण कमी. मुलांच्या बाबतीत मागणी असते ती कपाळावर केस पुढे आणण्याची आणि पोट आत घेण्याची.

कायद्याच्या चष्म्यातून

थोडी माहिती. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ (ब) नुसार, कोणी पैसे देऊन स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक फोटो काढवून घेणारा असतो, छायाचित्रकार नव्हे. मात्र कर्ता म्हणून कायदा छायाचित्रकारालाच ओळखतो आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधक ठरेल अशा विकृतीला कलम ५७ खाली तो हरकत घेऊ शकतो. स्थळाच्या फोटोसाठी कोणी कोर्टात जाईल असे नाही. पण 'गिऱ्हाईकाचे पैसे, गिऱ्हाईकाचा फोटो' हे म्हणणे कायद्याने बरेचसे खरे आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

उमरेड रोड

धागाकर्त्यांची कसोटी चतुर आहे, पण मी चेहऱ्यासोबत मान आणि हातही उजळतो. सफाईने केले की साडीच्या काठापाशी काही कळत नाही. मग माझे काम तीन-चतुर्थांश उत्तीर्ण झाले असे समजायचे का?

आणि कायद्याप्रमाणे फोटो गिऱ्हाईकाचा असेल, तर मी माझ्या पसंतीची पाटी लावून त्याला अडवणारा कोण? आपल्या भागात ही पाटी चालेल तोवर चालेल. एप्रिलच्या मुहूर्तांपूर्वी, दोन महिन्यांचे भाडे थकल्यावर, ती काउंटरवर आहे का ते मी येऊन पाहणार आहे.

दोन मुलींची आई

भांडण बाजूला ठेवून एक व्यवहाराचा प्रश्न विचारते. धाकटीचे फोटो काढायचे आहेत आणि आपला प्रकाशाचा मुद्दा मला पटला आहे. आपल्याकडे फोटो काढून मूळ फाइल मिळेल का, म्हणजे पुढचे काय करायचे ते आम्ही आमचे पाहू?

खिडकीतला उजेड

मिळेल, आणि वेगळे पैसे पडणार नाहीत. फक्त त्या फाइलच्या कोपऱ्यात स्टुडिओचे नाव नसेल. उमरेड रोड यांनी जरूर यावे, पाटी असेल किंवा नसेल, चहा असेल.

नंदनवन

फाइल द्याल तेव्हा ती मुलीच्या फोनवर पाठवा, एवढी विनंती.

दोन मुलींची आई

पाठवा की. मुलीच्या फोनवरून ती संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच येणार आहे.