ओहळावर खाजगी बांध घालून बोटिंग चालू केलंय, तपासणी कोणी करायची?

कुळागरवालो: नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. आमच्या कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) वर अर्ध्या किलोमीटरवर एकाने जमीन घेऊन ओहळ अडवलाय, मातीचा बांध, मधे सात-आठ मीटर उंच असेल, पाण्यात पेडलच्या बोटी आणि काठावर पाहुण्यांसाठी चार खोल्या. उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी टिकलं, ते खोटं कशाला सांगू. पण यंदा मृग लागल्यापासून बांधाच्या खालच्या अंगाला ओल दिसतेय आणि पायथ्याशी एका जागी करंगळीएवढी धार लागलीय. मॅनेजर म्हणतो सगळ्याच धरणांना पाझर असतो. पंचायत म्हणते आमचा विषय नाही, दुसऱ्या ऑफिसात गेलो तर हे सरकारी धरण नव्हे. खाली आमचं धरून पाच घरं. तो नवीन धरण सुरक्षा कायदा लागत नाही का ह्याला?

डिचोलीकर: नाही लागणार. २०२१ च्या कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, १० ते १५ मधली आली तर अटींवर, म्हणजे लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर वगैरे. उंची पायाच्या तळापासून मोजतात हां, जमिनीपासून नव्हे, तरी तुमचा बांध बसत नाही. साळावली, अंजुणे ह्या गोव्यातल्या मोठ्या धरणांची पावसाआधी आणि पावसानंतर तपासणी होते, तुमच्या ओहळाला कोणी विचारत नाही. पाणी काय उंची विचारून येतं?

रिटायर्ड_ओव्हरसियर: मॅनेजर अर्धं खरं बोलतोय. मातीच्या बांधाला पाझर असतोच, बघायचा तो रंग. काचेच्या बाटलीत ती धार भरून रात्रभर ठेव, तळाला माती बसली तर बांध आतून पोखरतोय समज, मग वेळ फार नसतो. पाणी नितळ असेल तर रोज त्याच जागी धार मोज, तारखेसकट फोटो ठेव. दुसरं, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, किती रुंद आहे आणि मोकळा आहे का? मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो कापला जातो, संपलं. बांधावर झाडं, खेकड्यांची बिळं आहेत का तेही बघ. २०१९ च्या २ जुलैला रात्री रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं, गळतीची तक्रार लोकांनी आधीच केली होती, नंतर मंत्री म्हणाले खेकड्यांनी पोखरलं.

पेडणेकार: मी वकील नव्हे, पण वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतो 🙂 बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १५२, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) १३३, त्याखाली उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. जिवाला धोका आहे म्हटलं तर मालकाला दुरुस्ती करा नायतर पाणी उतरवा असा आदेश काढता येतो, बांध खाजगी असला तरी. पाचही घरांच्या सह्या घ्या, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन त्यांच्याकडेच असतं. आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

कुळागरवालो: देव बरें करूं सगळ्यांचं. आत्ताच वर जाऊन आलो, बाटली भरून खिडकीत ठेवलीय. काका, सांडवा जेमतेम दोन मीटर आणि त्याला जाळी मारलीय, मासे खाली जाऊ नयेत म्हणून. जाळीत अर्ध्यापर्यंत पाला अडकलाय.

रिटायर्ड_ओव्हरसियर: अर्ज उद्या टाईप करा. ती जाळी आज काळोख पडायच्या आत काढायला लाव, तो नाही काढत तर पोरांना घेऊन जा आणि व्हिडिओ करत काढा. रात्री पाऊस आहे.