डायलिसिसवरून घरी आलं की राग अनावर होतो: स्वभाव की आजार?

माठ_रिकामा विचारतात:

वय ५३. सोम-बुध-शुक्र डायलिसिस, चार-चार तास, डाव्या हाताला फिस्टुला (सुई टोचण्यासाठी जोडून केलेली शीर). ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, ५८ किलो. बुधवारी-शुक्रवारी दोन-अडीच किलो वाढून जातो, सोमवारी साडेतीन. लघवी दिवसाला जेमतेम २०० मिली. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू. एचबी ८.९.

रागाच्या दोन वेळा ठरलेल्या आहेत. एक रविवारची संध्याकाळ, दुसरी सोमवारी मशीनवरून घरी आल्यानंतरची. रविवारी कुणी "किती पाणी झालं आज?" एवढं विचारलं तरी तोंडाला येईल ते बोलतो. सोमवारी टीव्हीचा आवाजसुद्धा सहन होत नाही. घरच्यांच्या मते स्वभावच बिघडलाय. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. ते कसं घ्यायचं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. सकारात्मक राहा, प्राणायाम करा हे ऐकून झालंय. त्यापलीकडे नेमकं काय करता येईल?

---

मशीन_नंबर_चार (डायलिसिस टेक्निशियन):

दादा, तुमच्या रागाला वार आणि वेळ आहे. स्वभाव असा वार बघून बिघडत नाही, त्यामुळे आधी मशीनकडचा हिशोब बघू.

पाणी किती वेगाने काढलं जातं ते मोजायचं. काढलेले मिली भागिले ड्राय वेट, भागिले तास. तुमचं सोमवारचं: ३५०० ÷ ५८ ÷ ४ = १५. हा आकडा १३ च्या आत असावा. १३ च्या हिशोबाने चार तासांत तुमच्या अंगातून सुमारे तीन लिटर निघायला हवेत, तुमचे साडेतीन ओढले जातात. रक्तातलं पाणी झपाट्याने कमी होतं, पेशींभोवतीचं तितक्या लवकर रक्तात येत नाही. मग बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं ठणकतं आणि उरलेला दिवस माणूस पिळून निघाल्यासारखा असतो. अशा वेळी टीव्हीच काय, पंख्याचा आवाजही नको होतो.

उपाय दोनच. मधल्या दिवसांत वजन कमी वाढवणं, नाहीतर वेळ वाढवणं. सोमवारचं सिटिंग साडेचार तासांवर नेलं तर ३५०० लाही आकडा १३.४ येतो. शिफ्ट भरलेल्या असतात म्हणून अर्धा तास मिळणं सोपं नाही हे खरं, पण शेवटच्या शिफ्टमध्ये बहुधा जमतं. डॉक्टरांना "थकवा येतो" असं सांगू नका, ते सगळेच सांगतात. "घरी गेल्यावर पूर्ववत व्हायला सात तास लागतात" असं तासांत सांगा. पाठोपाठ या चार गोष्टी विचारा:

– डायलायझेटचं, म्हणजे मशीनमधल्या द्रवाचं, तापमान ३६ किंवा ३५.५ करता येईल का? थंड द्रवाने बीपी पडण्याचं प्रमाण कमी होतं. थोडी थंडी वाजते, शाल न्या.
– डायलायझेटमधलं सोडियम किती ठेवलंय? ते रक्तातल्या सोडियमपेक्षा वर असेल तर माणूस मशीनवरून उठतो तोच तहानलेला.
– बीपीची सकाळची गोळी डायलिसिसच्या दिवशी नंतर घेतली तर चालेल का? स्वतःच्या मनाने बदलू नका.
– ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं? अंगावर मांस चढलं असेल आणि आकडा जुनाच असेल, तर दर वेळी जास्तीचं पाणी ओढलं जातं.

मशीनवर असताना भरपेट जेवू नका. रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी कोसळतं.

८.९ एचबी हाही रागाचाच भाग आहे. डायलिसिसवर ते साधारण १० ते ११.५ च्या दरम्यान ठेवतात. ईपीओचं (रक्त वाढवणारं) इंजेक्शन चालू असूनही चढत नसेल तर फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या बघायला सांगा. लोह कमी असेल तर ते इंजेक्शन वाया जातं. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर रक्त चढवण्याआधी दोनदा विचारा. त्यातून अँटिबॉडी तयार झाल्या की पुढे किडनी जुळायला अडचण येते.

---

बिनमिठाची_आमटी (आहारतज्ज्ञ):

घरचे पाण्याचे पेले मोजतात आणि मीठ मोजायचं राहतं. भांडणं पाण्यावरून, चूक मिठाची.

शरीर साधारण ९ ग्रॅम मिठामागे एक लिटर पाणी धरून ठेवतं. शुक्रवार ते सोमवार साडेतीन किलो म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम मीठ, दिवसाला दहा. हवं पाच. एवढं मीठ पोटात असताना पाणी न पिण्याचा निश्चय रविवारी संध्याकाळी मोडणारच, त्यात मनाचा दुबळेपणा कुठे आला?

सकाळी पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, एका छोट्या डबीत काढा. तुमच्या वाट्याचं दिवसभराचं मीठ त्या डबीतूनच जायचं. भाकरी-पोळीच्या पिठात मीठ नको. भात बिनमिठाचा. भाजी-आमटीतून तुमचा वाटा मीठ घालण्याआधी काढायचा आणि ताटात वरून चिमूटभर पेरायचं. जिभेला वरचं मीठ जास्त लागतं, म्हणून थोडक्यात भागतं. लोणचं, पापड, फरसाण, खारे दाणे, वडापावबरोबरची तळलेली मिरची, सगळं बंद. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, तोही सोडियमच. खारी-टोस्टमध्ये सोड्याचं सोडियम असतं आणि ते जिभेला कळत नाही. बाहेरचं काही खाल्लं त्या दिवशी डबी अर्धीच भरा. आंबटपणा लिंबाने, आमसुलाने, तिखटपणा मिरपुडीने आणा. चार-पाच आठवड्यांत जीभ सरावते, तोवर जेवताना कुरकुर होणार.

सैंधव हे मीठच आहे, त्याने काही वाचत नाही. "लो सोडियम" म्हणून विकतात त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. तुमच्यासाठी ते विष समजा.

आता पाणी. बहुतेक ठिकाणी ५०० ते ७५० मिली अधिक आदल्या दिवसाची लघवी असा हिशोब सांगतात, म्हणजे तुमचं ७०० ते ९५०. नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांचा. सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरा. चहा घेतला की तेवढं बाटलीतून ओतून टाका. आमटी, ताक, कढी, आइस्क्रीम यांचंही तसंच. त्यातलं २०० मिली बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक खडा दहा मिनिटं तोंडात पुरतो, तेच पाणी घोटाने घेतलं तर क्षणात संपतं. गोळ्या जेवणाबरोबर घेतल्या तर वेगळं पाणी लागत नाही (फॉस्फरस कमी करणारी गोळी तर जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी ती काहीच करत नाही). गार पाण्याने चूळ भरून थुंका, वेलदोडा किंवा लवंग तोंडात धरा.

हे सगळं करूनही घसा सुकत असेल तर साखर तपासा. वाढलेल्या साखरेची तहान मीठ कमी करून जात नाही.

---

सावकाश_बोला (समुपदेशक, किडनी विभाग):

वरच्या दोन्ही उत्तरांतलं करून बघितल्याशिवाय रागाचं औषध शोधू नये, हे माझंही मत. तरी काही राग उरेल, कारण "किती पाणी झालं?" हा प्रश्न तहानेपेक्षा जास्त झोंबतो. ५३ वर्षांच्या माणसाला घोट-घोट हिशोब द्यावा लागतो, चिडेल नाही तर काय?

म्हणून ती बाटली तुमच्या ताब्यात आणि चौकशी बंद, असा करार घरात करा. राग नसताना, म्हणजे मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी. घरच्यांनी पाण्याबद्दल दिवसभर काही विचारायचं नाही. त्याबदल्यात तुम्ही रोज सकाळी एकदा वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. दोन डायलिसिसच्या मधली वाढ २.३ ते २.६ किलोच्या आत, म्हणजे ड्राय वेटच्या ४ ते ४.५ टक्के, असेल तर कुणी शब्द काढायचा नाही. त्यावर गेली तरच बोलायचं, तेही दुसऱ्या दिवशी. पहिल्या आठवड्यात घरच्यांना हे पाळणं तुमच्यापेक्षा अवघड जातं. काळजीने विचारायची सवय लागलेली असते.

डायलिसिसनंतरचे दोन तास "बिनबोलाचे" ठरवून टाका. घरी आल्यावर साखर तपासणं, हलकं खाणं, आडवं होणं. पैसे, पाहुणे, मुलांचे मार्क, कुठलाही निर्णय त्या दिवशी नको.

दोन आठवडे वहीत एक ओळ लिहा: वार, वेळ, वजन, साखर, आदल्या रात्रीची झोप, रागाला ० ते १० पैकी किती, आणि आधी काय घडलं. झोपेच्या रकान्यात खाज आणि पाय वळवळणं नक्की नोंदवा. रात्रभर पाय हलवत बसलेला माणूस सकाळी गोड बोलेल अशी अपेक्षा ठेवू नये. पायांची वळवळ लोह कमी असल्याने वाढते आणि खाजेसाठी घेतलेल्या गुंगीच्या ॲलर्जीच्या गोळीनेही वाढते. दोन्हींवर औषधं आहेत, पण त्यांचे डोस डायलिसिसच्या रुग्णाला फार कमी लागतात. नेहमीचा डोस दिला तर भ्रम होतो, त्यामुळे केमिस्टकडून आणू नका.

राग चढायला लागला की जबडा आवळतो, कान तापतात. तिथेच "मी वीस मिनिटांनी बोलतो" म्हणून उठायचं. वीस मिनिटांनी परत येऊन खरंच बोलायचं. नुसतं उठून गेलात तर समोरच्याला तो अबोला वाटतो. आणि हात आपटणं डाव्या हाताने तर मुळीच नको, फिस्टुला आहे त्यात.

---

माठ_रिकामा:

१५ चा आकडा आज पहिल्यांदा कळला. पण उठून जायचं कुठे? एक खोली नि स्वयंपाकघर, माणसं पाच. आणि एक लिहायचं राहिलं होतं. अलीकडे रविवारी रात्री "उद्या जातच नाही" असं म्हणतो. खरंच चुकवलं नाही अजून.

---

सावकाश_बोला:

जागा नसेल तर तोंड भिंतीकडे करून आडवं व्हा, डोक्यावरून पंचा घ्या. पंचा घेतला म्हणजे वीस मिनिटं हाक मारायची नाही, हे आधी ठरलेलं असलं की पुरतं. जिन्याची पायरीही चालते.

"जात नाही" हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. शुक्रवारनंतर सोमवारही चुकला तर पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं, फुप्फुसात पाणी भरतं. घरच्यांनी "मग आमचं काय होईल" असं सुरू करू नये. "नेमकं काय नको झालंय?" असं विचारावं. उत्तर बहुतेक वेळा ठोस मिळतं. सुई नको असेल तर सुन्न करणारं मलम टोचण्याआधी ४५ ते ६० मिनिटं लावून, वर प्लास्टिक चिकटवून ठेवायचं. गोळे नको असतील तर त्याचा उपाय वरचाच, पाणी सावकाश काढणं. खर्चाचं ओझं असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखालीही होतं. वेळापत्रकाचाच जाच असेल तर पोटाच्या डायलिसिसबद्दल विचारा. ते घरी होतं, रोज तीन-चार वेळा द्रव बदलावा लागतो, स्वच्छता कडक लागते. सगळ्यांना जमत नाही, पण विचारायला हरकत नाही.

ठोस काहीच सापडत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. पुरुषांमध्ये ते बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं. थकवा, भूक, झोप यांवरून ओळखू नका, ती किडनीमुळेही बिघडलेली असतात. रस आणि उदासी या दोन गोष्टी विचारायच्या. मनोविकारतज्ज्ञांना डायलिसिस चालू असल्याचं आणि गोळ्यांची पूर्ण यादी आधी सांगा, काही औषधं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. जगणंच नको वाटलं तर त्याच क्षणी घरात कुणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेलिमानसची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

---

रात्रपाळी (परिचारिका):

एक राहिलं. राग नेहमीच्या वेळेचा नसेल, अचानक आला असेल, बोलणं असंबद्ध असेल, तर वाद न घालता आधी साखर बघा. किडनी निकामी झाली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, म्हणून जुना डोस भारी पडतो. डायलिसिसच्या दिवशी तर हमखास. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे तीन सपाट चमचे, अर्धी वाटी पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. संत्र्याचा रस किंवा शहाळं देऊ नका, पोटॅशियम असतं. घोट गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

साखर ठीक असूनही माणूस भ्रमिष्ट वाटत असेल तर थांबू नका. ताप-थंडी असेल तर जंतुसंसर्ग. डोक्याला मार लागला असेल, किरकोळ का असेना, तर हेपरिनमुळे (डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) आत रक्तस्राव होऊ शकतो. उचकी थांबत नसेल तर कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, खाल्लं का ते विचारा. किडनीच्या रुग्णाला ते एकही चालत नाही.

---

माठ_रिकामा:

मिठाची डबी आजपासून. सोमवारी साडेचार तासांचं विचारतो. सकाळचं वजन घरच्या काट्यावर केलेलं चालेल ना? सेंटरच्या काट्याशी अर्धा किलोचा फरक येतो.

---

मशीन_नंबर_चार:

चालेल, फक्त दोन्ही काट्यांची सरमिसळ करू नका. घरचा काटा फरशीवर, गादीवर-सतरंजीवर नको. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत. सोमवारी आमच्या काट्यावर चढण्याआधी चपला, मोबाइल, पाकीट, स्वेटर काढून ठेवा. अर्धा किलो सामान अंगावर असलं तर मशीन ते पाणी समजून तुमच्या रक्तातून काढतं.