मदत हवी आहे: मेजर गणित घ्यावं की स्टॅट?

नमस्कार मंडळी. माझी भाची पुण्यात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एक विषय मेजर (मुख्य), दुसरा मायनर (दुय्यम) ठेवायचा. मेजर गणित की संख्याशास्त्र (स्टॅट), इथे तिचं गाडं अडलंय. गणितातल्या एप्सिलॉन-डेल्टाच्या (लिमिटच्या काटेकोर व्याख्येच्या) एका सिद्धतेवर अख्खी संध्याकाळ घालवते आणि वर खूश असते! उलट स्टॅटच्या प्रॅक्टिकलला आकडेवारीला पॉयसाँ वितरण बसवा, ते जुळतं का हे बघायला काय-वर्ग चाचणी लावा, जर्नल पूर्ण करा, याचा तिला कंटाळा. घरचे मात्र 'नोकरी स्टॅटमध्येच' म्हणून मागे लागलेत. (मला ते अर्धंच पटतं.)

पुढे एमएस्सीसाठी जॅम (आयआयटी वगैरेंची प्रवेश परीक्षा) द्यायचा विचार आहे. तिथे गणित आणि गणितीय संख्याशास्त्र असे वेगळे पेपर असतात. मेजर गणित घेतलं, तर स्टॅटमधलं एस्टिमेशन, हायपोथेसिस टेस्टिंग वगैरे स्वतः वाचून दुसऱ्या पेपरपुरतं झेपतं का? की मेजर स्टॅट ठेवून गणितातली ग्रुप थिअरी आणि रिअल अ‍ॅनालिसिस घरी करणं सोपं? मला हे दुसरं अवघड वाटतं, सिद्धता तपासायला कुणीतरी लागतंच. या वाटेने गेलेल्यांनी प्लीज सांगा, फॉर्म याच आठवड्यात भरायचाय.